अंगठा थांबला पाहिजे

आईच्या नाकातली नळी काढायला बारकीला फारसा वेळ लागला नाही. डाव्या गालावरची कातडी उचलायची, नाकाखाली आणून चिकटवायची, कडा पुसट करायच्या, की झालं. पडद्यावर हे काम ती रोजच करायची. साबणाच्या जाहिरातीतल्या मुलींच्या पुटकुळ्या, नव्या इमारतींच्या डोक्यावरून जाणाऱ्या विजेच्या तारा, हॉटेलच्या पलंगावरची सुरकुती, जे जे नको ते ते काढून टाकण्यात तिची हयात गेली होती. पण नळी गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की नळीच्या दाबाने गालावर उमटलेला वळ तसाच आहे. तो पुसायला तिने हात पुढे केला आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं. ओकारी येण्याआधी सुटतं तसं.

"झालं का गं?" वहिनी मागे येऊन उभी राहिली. तिच्या हातात चिकटपट्टीचं रीळ होतं आणि कमरेला कात्री. "अय्या, किती छान दिसताहेत आई. थोडं हसू आणता येईल का? म्हणजे आहेच तसं, पण आणखी जरासं."

"वहिनी, ती हसत नाहीये. श्वास घेतेय."

"बघणाऱ्याला काय कळतंय?"

बारकीने पाण्याचा घोट घेतला आणि वळ पुसला.

बारकी हे काही तिचं खरं नाव नव्हे. जन्मली तेव्हा मुठीएवढी होती म्हणून आईने ठेवलेलं. आता तिने पंचेचाळिशी ओलांडली होती, अंगाने भावाच्या वरताण झाली होती, तरी घरात तिला सगळे बारकीच म्हणत. दादा तर मुद्दाम म्हणायचा, "बारके, जरा सरक, मला दार दिसत नाहीये." आई गेल्यापासून मात्र ही थट्टा बंद पडली होती. घरात सगळे एकमेकांशी दवाखान्यात बोलतात तसं हळू बोलत आणि दुकान मात्र जोरात चाललं होतं.

दुकान म्हणजे चार भिंतींचं नव्हे. फोनवरचं. 'मायेचे धागे' हे त्याचं नाव, वहिनीने ठेवलेलं. विकायचं काय, तर आईच्या हातची पायपुसणी.

आई कपड्यांच्या कारखान्यात कामाला होती. शिवून झालेल्या शर्टांचे लोंबते दोरे कातरायचे, हे तिचं काम. दिवसभर दोरे कातरायची आणि संध्याकाळी कापडाचे तुकडे पिशवीत घालून घरी आणायची. मग जमिनीवर फतकल मारून बसायची, तुकड्यांच्या पट्ट्या फाडायची, पट्ट्यांची वेणी घालायची आणि वेणीला वेणी जोडत गोल गोल फिरवत न्यायची. कापड फाटल्याचा तो चरचर आवाज ऐकत बारकी आणि दादा अभ्यास करायचे. आईची पायपुसणी अख्ख्या गल्लीत होती. ओली होत, वाळत, पुन्हा ओली होत, वर्षानुवर्षं टिकत. कुणी कौतुक केलं की आई म्हणायची, "पायपुसण्याचं काय कौतुक करता? पाय पुसा."

दादाची नोकरी गेली तेव्हा वहिनीने त्यांचे फोटो काढून फोनवर टाकले. पायपुसणं हा शब्द तिने तिथेच बाद केला. 'आसन' म्हणायचं, 'गालिचा' म्हणायचं, 'भिंतीवरची कलाकृती' म्हणायचं. लोकांनी खरोखर भिंतीवर टांगली. आईला त्याचा फोटो दाखवला तेव्हा तिने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. "म्हणजे यांना पाय नाहीत का?" एवढंच म्हणाली.

पुढचं त्याच्याही पुढचं. शेजारच्या इमारतीतली एक बाई नवऱ्याचे शर्ट घेऊन आली. नवरा गेलेला. कपडे टाकवत नाहीत, ठेववतही नाहीत, असं म्हणून दारातच रडली. आईने शर्ट ठेवून घेतले, आठवड्याने वेणी घालून परत दिले. "पायाखाली घ्यायला जीव होत नसेल तर खुर्चीवर टाक," म्हणाली. काही घेतलं नाही. वहिनी आतून बघत होती. पुढच्याच महिन्यात दुकानात नवीन रकाना आला, 'आठवणींचं आसन. तुमच्या माणसाचे कपडे आम्हाला पाठवा.' आणि कपडे येऊ लागले. बोचकीच्या बोचकी. मेलेल्या माणसांच्या पायजम्यांनी, झग्यांनी, शाळेच्या गणवेशांनी आईची खोली भरून गेली.

या सगळ्याची चित्रं बारकी करायची. दिवसा कंपनीत पगारी, सुट्टीच्या दिवशी दादाकडे फुकट. धंद्यातली पहिली शिकवण तिला कंपनीतल्या साहेबाने दिली होती. फोन हातात घेतलेला माणूस अंगठ्याने चित्रं वर ढकलत असतो. तो अंगठा थांबला पाहिजे. कशाने थांबतो हे तिला पाठ होतं. पिवळ्याने थांबतो. लहान मुलाच्या तोंडाने थांबतो. आणि कुणी मेलं असलं तर सगळ्यात जास्त थांबतो, हे मात्र तिला आई गेल्यावर कळलं.

आई गेल्याचं वहिनीने दुकानाच्या पानावर टाकलं होतं. काळी चौकट, मधे आईचा फोटो. ती चौकटही बारकीनेच करून दिली होती, बधिर हाताने, का करतोय हे न कळता. त्याखाली शेकड्यांनी लोकांनी लिहिलं. बारकीने एकदाच वाचलं. 'भावपूर्ण श्रद्धांजली. निळ्या रंगात आहे का?' 'देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो. किंमत कळवा.' 'आजींचे हात बघून डोळ्यांत पाणी आलं, घरपोच मिळेल का?' तिने फोन उलटा ठेवला होता आणि साबणाने हात धुतले होते.

आज दादाने तिला बोलावलं होतं ते याच्याच पुढच्या पायरीसाठी. संध्याकाळी सहाला चार चित्रांची मालिका टाकायची होती. पहिल्यात आईचा चेहरा आणि 'तिची शेवटची आठवण, आता तुमच्याही घरी.' दुसऱ्यात आईच्या स्वतःच्या कपड्यांचं आसन. आईचे कपडे वहिनीने कपाटातून काढले होते. आई गेल्यावर राहिलेली कामं पुरी करायला एक विणणारी ठेवली होती, तिच्याकडून ते विणून घेतलं होतं. यापुढच्या प्रत्येक आसनात आईच्या उरलेल्या कपड्यांतली एकेक पट्टी घालणार, अशी घोषणा. तिसऱ्यात एका समाधानी गिऱ्हाइकाचा अभिप्राय. चौथ्यात सवलत.

"आईचे कपडे कापायला दिलेत, मला विचारलं नाहीत," बारकी सकाळीच म्हणाली होती.

"तुला हवे होते का?" दादा गोंधळून म्हणाला. "सांगायचंस ना. तुझ्या मापाचे तर नव्हते."

त्याला खरंच तसं वाटत होतं. त्याच्यावर रागावणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. दगडाला कळतही नाही.

तर पहिलं चित्र झालं होतं. बारकीने दुसरा फोटो उघडला. पांढऱ्या भिंतीपुढे खुर्ची, खुर्चीवर गोल आसन, बाजूला खोट्या फुलांची कुंडी. सावल्या उजळायला म्हणून तिने फोटो मोठा केला. तपकिरी चौकडी दिसली. मग मातकट फुलं. मग पुन्हा तपकिरी, जाड, पडद्याच्या कापडासारखं. तिने आणखी मोठा केला. करड्या रंगाची एक पट्टी, तिच्यावर बारीक लाल रेघ.

तिचा हात माऊसवरच थांबला. आईला तपकिरी रंगाची शिसारी होती. कारखान्यातला गणवेश तपकिरी होता, आणि नोकरी सुटल्यावर तिने तपकिरी चिंधीसुद्धा अंगाला लावून घेतली नव्हती. 'वाळलेल्या शेणाचा रंग,' असं म्हणायची.

बारकीने तिसरा फोटो उघडला. गिऱ्हाइकाने पाठवलेला. पलंगाच्या कडेला तसंच गोल आसन. वेणीच्या पहिल्याच वेढ्यात जांभळा रंग, त्यावर पांढरे ठिपके. ठिपके पूर्ण पांढरे नव्हते. कपडे उजळवायची पावडर जास्त पडून पिवळटले होते, आणि ती पावडर बारकीने टाकली होती, कॉलेजात असताना, आईला मदत म्हणून. पुढच्या वेढ्यात आकाशी, मग पोपटी. आकाशी म्हणजे तिच्या पहिल्या पगारातला झगा. आईने तो इतका घातला होता की कोपरांवर आरपार दिसायचं.

खाली अभिप्राय होता. 'माझ्या सासऱ्यांनी आसन छातीशी धरलं. म्हणाले, तिचाच वास येतोय. सासूबाई पुन्हा घरी आल्या. धन्यवाद, मायेचे धागे.'

हेच वाक्य तिला पिवळ्यावर काळ्या ठळक अक्षरात घ्यायचं होतं. तसं वहिनीने लिहूनही दिलं होतं.

"दादा," तिने हाक मारली. "इकडे ये. वहिनी, तूपण."

दोघं आली. तिने दोन्ही फोटो शेजारी ठेवले आणि सांगितलं. दादाने मान तिरकी केली, सरळ केली.

"असं कसं होईल? बोचक्यांवर नावं असतात."

"काय लिहिलंय बघ."

आईच्या खोलीत अजून बोचकी पडली होती. दादाने एक उचलून आणलं. त्यावर बारकीने केलेलं लेबल होतं. सोनेरी किनार, मधे उमललेलं फूल, दुकानाचं नाव वळणदार अक्षरात, आणि वरून काचेसारखा चकचकीत लेप. फुलाखाली नावाची जागा होती. तिथे शाईचा निळसर फराटा होता, नाव नव्हतं. त्या लेपावर शाई ठरतच नव्हती. हात लागला की पुसली जायची.

आई असताना लेबलं नव्हती. आई त्या त्या माणसाच्या कपड्याची एक चिंधी फाडायची आणि बोचक्याच्या गळ्याला बांधायची. विणून झालं की तीच चिंधी आसनाला बांधून पाठवायची. मग चूक व्हायला जागाच उरायची नाही. पण पार्सल उघडताना लोक फोटो काढतात आणि त्यात ती चिंधी घाण दिसते, असं वहिनीचं म्हणणं पडलं. बारकीलाही ते पटलं होतं. लेबल तिने तीन-चारदा सुधारून, मन लावून केलं होतं.

"विणणारीने दोन्ही एकाच दिवशी आणून दिली," दादा आठवत म्हणाला. "नावं दिसत नव्हती, हे खरं. मला वाटलं तपकिरी आईचं. आई तपकिरीच घालायची ना?"

"कारखान्यात. तेपण तू शाळेत होतास तेव्हा."

"तेच म्हणतो मी. डोळ्यासमोर तेच येतं."

वहिनी कात्रीची उघडझाप करत होती.

"तुला कळलं होतं," बारकी म्हणाली.

"शंका आली होती," वहिनी म्हणाली. "फोटो काढताना. पण तोवर दुसरं गेलं होतं. आणि मग त्या बाईचा एवढा छान अभिप्राय आला. मी म्हटलं, म्हातारा खूश आहे, आपण कशाला त्याच्या सुखात माती कालवा?"

"तो माझ्या आईचे कपडे छातीशी धरून बसलाय."

"मग काय बिघडलं? आईंनी कुणाला कधी नाही म्हटलं का?"

"वहिनी, तुला किळस नाही येत?"

वहिनीने कात्री टेबलावर ठेवली. आवाज चढवला नाही. "किळसेचं तू मला विचारू नकोस. शेवटी शेवटी आईंचं हगणं-मुतणं मी काढलं. तू रविवारी यायचीस, मोसंबी सोलून द्यायचीस, कपाळावर हात ठेवायचीस आणि जायचीस. तेव्हा मी किळस केली असती तर कसं झालं असतं? हे दुकान आहे म्हणून घरात चूल पेटते. तुला महिन्याचा पगार येतो. तुला किळस परवडते."

ते खरं होतं. खरं असूनही बारकीची किळस कमी होत नव्हती. खरं तर वाढली होती, कारण आता ती वहिनीपुरती राहिली नव्हती. पडद्यावर आई बिननळीची, गुळगुळीत गालांची, टूथपेस्टच्या जाहिरातीतल्या आजीसारखी बघत होती. हे तिनेच केलं होतं, आणि सफाईने केलं होतं.

"ते तपकिरी कुठाय?" तिने विचारलं.

"कशाला?"

"त्यांचं आहे. त्यांना देऊन येते. आपलं घेऊन येते."

"वेडी आहेस का?" दादा पहिल्यांदा मोठ्याने बोलला. "अगं, ती सून पानावर लिहील की यांनी दुसऱ्याच मेलेल्या बाईचे कपडे पाठवले. उद्यापासून एक बोचकं येणार नाही. सहाला मालिका टाकायचीय आणि तू निघालीस गिऱ्हाइकाला जागं करायला. बारके, ऐक. झाकली मूठ आहे ती, झाकलेलीच राहू दे."

"मूठ आपली नाहीये, दादा."

खुर्चीवरचं आसन तिने उचललं. जड होतं. पिशवीत घालताना त्याला नव्या कापडासारखा, वहिनी शिंपडायची त्या अत्तराचा वास आला. ऑर्डरच्या पानावरून तिने पत्ता उतरवून घेतला. निघताना मालिका तशीच उघडी होती, तीन चित्रं झालेली नव्हती, आणि ती करणारं घरात दुसरं कुणी नव्हतं, हे तिघांनाही माहीत होतं.

"सहाच्या आत ये," वहिनी दारातून म्हणाली. विनवणी होती की धमकी, वहिनीलाही सांगता आलं नसतं.

पत्ता शहराच्या दुसऱ्या टोकाचा निघाला. बसमधे शेजारी बसलेली मुलगी फोनवर चित्रं वर ढकलत होती. चपला, केक, पूर, कुणाचं तरी लग्न, पुन्हा चपला. अंगठा कुठेच थांबत नव्हता. बारकी मांडीवरची पिशवी धरून बसली आणि काय बोलायचं ते मनात जुळवू लागली. 'चूक झाली' म्हणावं. की 'अदलाबदल' म्हणावं. ते छातीशी धरलेलं आसन त्या माणसाच्या हातून आपण काढून घेणार, तेव्हा त्याचा चेहरा कसा होईल, हे डोळ्यांपुढे आलं आणि दोन थांबे आधीच उतरून परत जावं असं तिला वाटलं. दादाचं बरोबर असेल. आपल्याला सत्याची चाड नसेल, नुसती आपली आई परत हवी असेल.

इमारतीची लिफ्ट बंद होती. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिला धाप लागली. दार एका उंच, वाकलेल्या म्हाताऱ्याने उघडलं. बनियन, पायजमा, आणि चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली.

"चढून आलात?" तो म्हणाला. "मी लिफ्टचा मेकॅनिक. आयुष्यभर लोकांच्या लिफ्टा चालू केल्या. आमची बंद पडली तर सोसायटी म्हणते, तुम्ही हात लावू नका, तुमचं वय झालं. बसा. सून कामावर गेलीय. तिच्याकडे काम होतं का?"

"तुमच्याकडेच होतं, काका. मी ते आसन करतात ना, तिथून आलेय."

"कसलं आसन?"

"गोल. कपड्यांचं."

"ते होय." त्याच्या चेहऱ्यावरचा पाहुणचार जरासा विझला. "चांगलं आहे. सून म्हणाली, चांगलं म्हणायचं. म्हणजे चांगलंच आहे ते."

तो स्वयंपाकघरात गेला आणि पाण्याचा पेला घेऊन आला. बारकीने खोलीभर नजर फिरवली. पलंग होता, फोटोतलाच. त्याच्या कडेला काही नव्हतं.

"काका, ते तुम्ही छातीशी धरलंत, असं सूनबाईंनी लिहिलं होतं."

"मी?" म्हातारा हसला. "ती लिहिते काहीबाही. पोर वाईट नाही. माझ्याच भल्यासाठी सगळं. हिचे कपडे कपाटात होते, मी फिरायला गेलो तेवढ्यात काढून पाठवले. म्हणाली, बाबांना आश्चर्याचा धक्का द्यायचा होता. बसला धक्का. येऊन बघतो तर कपाट रिकामं." त्याने मांडीवरची नसलेली धूळ झटकली. "मग ते आलं. मी बघतोय, बघतोय, मला एकसुद्धा कापड ओळखू येईना. हा जांभळा कधीचा, हा पोपटी कुठला. चाळीस वर्षं एका खोलीत काढली आणि बायकोचे कपडे ओळखू येत नाहीत. मी सुनेला बोललोही. ती म्हणाली, बाबा, तुम्ही हल्ली विसरता. मुलगापण म्हणाला. गेल्या आठवड्यात डॉक्टरकडे नेलं. तो विचारतो, आज वार कोणता, शंभरातून सात वजा करा. मी सगळं बरोबर सांगितलं. पण मनात म्हटलं, वार सांगून काय उपयोग, घरातलं माणूस पुसायला लागलंय."

बारकीच्या हातातला पेला तसाच राहिला. जुळवून आणलेलं वाक्य तिला आठवेना. तिने पिशवीतून तपकिरी आसन काढलं आणि त्याच्या मांडीवर ठेवलं.

म्हाताऱ्याने चष्मा वर ढकलला. आसन जवळ घेऊन न्याहाळलं. मग चौकडीच्या पट्टीवर त्याचं बोट आलं.

"हा हिचा थंडीचा कोट," तो म्हणाला. "दोघांच्या भांडणात शिवलेला. मी म्हटलं होतं निळा घे, हिने तपकिरी घेतला. म्हणाली, मळ दिसत नाही." बोट पुढे सरकलं. "ही फुलं घरात घालायची. आणि हे…" करड्या पट्टीवरची लाल रेघ त्याने नखाने दाबून पाहिली. "हा माझा पायजमा. जुना झाला म्हणून हिने तिच्या उशीला अभ्रा केला होता." त्याने बारकीकडे पाहिलं. "हे कुठे होतं?"

तिने सांगितलं. लेबल, शाई, दोन बोचकी. काही झाकलं नाही. आपल्या घरातल्यांनी ते आपल्याच आईचं समजून फोटो काढला, हेही सांगितलं. ओरडेल, सुनेला फोन लावेल, अशी तिची तयारी होती.

"म्हणजे," म्हातारा एकेक शब्द ठेवत म्हणाला, "मी विसरलो नव्हतो."

"नाही, काका. ते तुमचं नव्हतंच."

"मी विसरलो नव्हतो," तो पुन्हा म्हणाला. या वेळी तिला नव्हे. त्याने मान खाली घातली. त्याचे खांदे हलताहेत असं वाटलं म्हणून बारकी खिडकीबाहेर बघत बसली.

थोड्या वेळाने त्याने नाक शिंकरलं. "डॉक्टरला सांगायला पाहिजे. शंभरातून सात वजा करायला लावतो गाढव." आणि मग एकदम काहीतरी सुचल्यासारखा ताठ झाला. "ते दुसरं. ते तुमच्या कुणाचं आहे?"

"आईचं."

"आहेत का त्या?"

"नाही. आत्ताच गेली."

म्हातारा उठला. आत चालू लागला, म्हणून बारकी मागे गेली. न्हाणीघराच्या दाराशी आसन पडलं होतं. ओलं, मधे पायांच्या दोन काळपट जागा पडलेल्या, कडेला साबणाचा फेस वाळलेला. जांभळा रंग पाण्याने गडद झाला होता.

"मला ते परकं वाटायचं," तो म्हणाला. "पलंगाशी नको वाटायचं. फेकावं तर सून काय म्हणेल, म्हणून इथे टाकलं. रोज त्यावर पाय… मला माहीत नव्हतं हो. कुणाच्या आईवर…" तो वाकू लागला.

"काका, असू दे. ते त्यासाठीच असतं. आई तेच करायची, पायपुसणी. गल्लीत सगळ्यांकडे होती."

"तरी." त्याने ऐकलं नाही. गुडघ्यावर हात टेकून खाली बसला आणि आसन दोन्ही हातांनी उचललं, नळाखाली धरलं. साबण घेतला आणि त्या दोन काळपट जागांवर अंगठ्याने चोळू लागला. मळ निघाला तरी चोळत राहिला. बारकीला तिथे काही घाण वाटलं नाही. सकाळपासून पहिल्यांदाच. साबणाचा वास होता, ओल्या सुताचा वास होता, आणि आकाशी पट्टी पाण्यात तिच्या पहिल्या पगारासारखी उजळ दिसत होती.

बाहेरच्या खोलीत तिच्या पर्समधला फोन वाजू लागला. वहिनी असणार. वाजून थांबला, पुन्हा वाजू लागला.

"तुमचा वाजतोय," म्हातारा म्हणाला.

"वाजू दे."

त्याने नळ बंद केला. आसनातून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. एकट्याने पिळायचा त्याने प्रयत्न केला, पण वेणी जाड होती आणि मनगटांत आता तेवढा जोर नव्हता.

"ओलं कसं न्याल एवढ्या लांब," तो म्हणाला. "धरा तिकडून."

बारकीने बाह्या वर सारल्या, आत गेली आणि दुसरं टोक धरलं. त्याने उजवीकडे पीळ दिला, तिने डावीकडे. पाणी दोघांच्या पायांवर पडत राहिलं.